कुठल्या जातीचं मांजर घ्यायचं? एका घरगुती प्रश्नाचा लिटरेचर रिव्ह्यू

मागच्या गणपतीच्या आधी दादाचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न. "तू पीएचडी करतेस ना, मग एवढं सांग. अ‍ॅलर्जी होत नाही अशी मांजराची जात कुठली?"

प्रश्न माझ्या भाचीसाठी होता. चिऊ नऊ वर्षांची आहे आणि तिला दमा आहे. मैत्रिणीच्या घरी मांजराशी खेळून आली की डोळे लाल होतात, शिंका सुरू होतात, आणि दोनदा तर रात्री धाप लागून इन्हेलर घ्यावा लागला होता. तरी गेली दोन वर्षं तिचा एकच हट्ट, मांजर पाहिजे. दादा एका ब्रीडरकडे जाऊन आला होता. तो म्हणाला, "सायबेरियन घ्या. हायपोअ‍ॅलर्जेनिक असते. माझ्या एवढ्या गिऱ्हाइकांत एकालाही त्रास झालेला नाही." दादानं टोकन देऊन टाकलं होतं. पिल्लू दोन आठवड्यांनी घरी येणार होतं. माझ्याकडून त्याला फक्त "हो, बरोबर आहे" एवढंच ऐकायचं होतं.

मी डॉक्टर नाही. माझं काम वनस्पतींमधल्या एन्झाइम्सवर चालतं. पण पेपर शोधणं, वाचणं आणि त्यातलं नेमकं काय सिद्ध झालंय ते ओळखणं, हे तर आपल्या धंद्याचंच काम आहे. दोन आठवडे रात्री जागून मी तेच केलं. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेटची तयारी करताय, काही जण कोर्सवर्कमध्ये 'रिसर्च मेथडॉलॉजी'च्या नोट्स पाठ करताय. त्या नोट्समधले शब्द प्रत्यक्षात कसे उपयोगी पडतात, ते या एका प्रश्नावरून दाखवते.

पायरी १: प्रश्न फोडा

"कुठली जात चांगली?" हा प्रश्न सरळ वाटतो, पण त्याच्या पोटात किमान चार दावे लपलेले आहेत.

एक, मांजराची अ‍ॅलर्जी कुठल्यातरी ठरावीक पदार्थामुळे होते. दोन, काही जातींच्या अंगावर तो पदार्थ कमी असतो. तीन, अंगावर कमी असला की घरातल्या हवेतही कमी असतो. चार, हवेत कमी असला की माणसाला त्रास कमी होतो.

ही साखळी आहे. एक कडी तुटली की पुढचं सगळं गळून पडतं. ब्रीडर पहिल्या कडीवरून थेट चौथ्या कडीवर उडी मारतो. सिनॉप्सिस लिहिताना आपणही हेच करतो, आणि गाईड लाल पेनने नेमकं तिथेच गोल करतात. म्हणून सवय लावा: कुठलाही दावा ऐकला की आधी त्याच्या कड्या कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक कडीसाठी पुरावा वेगळा शोधा.

पायरी २: शिंका कशानं येतात?

पहिली कडी चांगली भक्कम आहे. बहुतेकांना वाटतं की अ‍ॅलर्जी केसांची असते. तसं नाही. मुख्य दोषी आहे एक प्रोटीन, त्याचं नाव 'फेल डी १'. मांजराच्या शास्त्रीय नावातली पहिली अक्षरं आणि अनुक्रमांक, असं हे नाव बनलंय. १९७४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी मांजराचं हे प्रमुख अ‍ॅलर्जन वेगळं करून त्याचे गुणधर्म मांडले आणि १९९१ मध्ये त्याची अमिनो आम्लांची रचना प्रसिद्ध झाली. मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी साधारण नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांच्या रक्तात या प्रोटीनविरुद्धची आयजीई अँटिबॉडी सापडते. मांजराची आणखीही अ‍ॅलर्जन्स आहेत (यादी फेल डी ८ पर्यंत जाते), पण मुख्य हेच.

हे प्रोटीन तयार होतं त्वचेतल्या तैलग्रंथींमध्ये, लाळेत आणि गुदग्रंथींमध्ये. मांजर दिवसभर अंग चाटतं, त्यामुळे लाळेतलं प्रोटीन केसांवर बसतं. त्वचेतलं तर आधीच तिथे असतं. मग ते वाळतं, कोंड्याच्या कणांबरोबर सुटतं आणि हवेत जातं. त्यातले बरेच कण पाच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. असे कण लवकर खाली बसत नाहीत, तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. चिऊला नुसत्या शिंका न येता धाप का लागते, त्याचं उत्तर इथे आहे.

आता एवढ्या माहितीवरच एक लोकप्रिय समज तपासून बघा. स्फिंक्स नावाची जात जवळजवळ बिनकेसाची असते, म्हणून ती अ‍ॅलर्जीवाल्यांना चालते असं सांगितलं जातं. पण प्रोटीन त्वचेत आणि लाळेत बनतं. केस नसले तरी मांजराला त्वचा आहेच आणि जीभही आहेच. म्हणजे 'केस नाहीत म्हणून अ‍ॅलर्जी नाही' हा तर्क पहिल्याच पायरीवर अडखळतो. कुठलाही प्रयोग न करता, फक्त यंत्रणा समजून घेऊन दावा तपासता येतो तो असा.

पायरी ३: 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' म्हणजे नक्की किती?

'हायपो' म्हणजे कमी. शून्य नव्हे. ब्रीडरच्या तोंडून मात्र तो शब्द 'शून्य' म्हणूनच ऐकू येतो.

कमी तरी कशापेक्षा, आणि किती? मेथडॉलॉजीच्या भाषेत ही 'ऑपरेशनल डेफिनिशन', म्हणजे मोजता येईल अशी व्याख्या. मांजराच्या कुठल्या जातीला हायपोअ‍ॅलर्जेनिक म्हणायचं, यासाठी फेल डी १ ची अमुक पातळी असा सर्वमान्य नियमच नाही. सायबेरियन, बालिनीज, रशियन ब्लू, डेव्हन रेक्स, स्फिंक्स अशा याद्या फिरत असतात आणि एका यादीतली जात दुसऱ्या यादीत नसते.

ही अडचण संशोधकांनाही आली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, कुत्र्यांवरचा. १७३ घरं, प्रत्येक घरात एकच कुत्रा. संशोधकांना हायपोअ‍ॅलर्जेनिक जातींची एक अधिकृत यादी मिळेना. मग त्यांनी लोकांत प्रचलित असलेल्या माहितीवरून जातींची चार वेगवेगळ्या पद्धतींनी वर्गवारी केली आणि चारही प्रकारे विश्लेषण केलं. घरातल्या धुळीत कुत्र्याच्या अ‍ॅलर्जनचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, कुठलीही वर्गवारी घेतली तरी.

यातलं तंत्र लक्षात ठेवा. व्याख्या डळमळीत असेल, तर ज्या ज्या वाजवी व्याख्या असू शकतात त्या सगळ्या वापरून उत्तर बदलतं का ते बघायचं. त्याला 'सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस' म्हणतात. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो.

पायरी ४: शेजारच्या विषयातला थेट पुरावा

तुम्ही म्हणाल, प्रश्न मांजराचा आणि ही कुत्र्यांकडे का वळली? कारण जातींचा दावा सगळ्यात नीट तपासला गेलाय तो कुत्र्यांमध्ये. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपल्या नेमक्या प्रश्नावर काम कमी असेल, तर शेजारच्या प्रश्नावरचं चांगलं काम बघायचं. फक्त ते शेजारचं आहे हे स्पष्ट लिहायचं.

२०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या गटानं कुत्र्याच्या 'कॅन एफ १' या अ‍ॅलर्जनवर अभ्यास प्रसिद्ध केला. हायपोअ‍ॅलर्जेनिक म्हणवणाऱ्या जाती, म्हणजे लॅब्राडूडल, पूडल वगैरे, एका बाजूला. साध्या जाती दुसऱ्या बाजूला. त्यांनी तीन ठिकाणी मोजमाप केलं: केसांवर, जमिनीवरच्या धुळीत आणि हवेत. केसांवर 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' जातींमध्ये अ‍ॅलर्जनचं प्रमाण उलट जास्त निघालं. जमिनीवरच्या धुळीत लॅब्राडूडलच्या घरात थोडं कमी. आणि हवेत? कुठल्याच जातींमध्ये फरक नाही.

आपली साखळी आठवा. अंगावर, घरात, मग श्वासात. या अभ्यासात तीन जागी तीन वेगळी उत्तरं आली. फक्त जमिनीची धूळ मोजून कुणी पेपर लिहिला असता, तर लॅब्राडूडलची जाहिरात झाली असती. म्हणून पेपर वाचताना पहिला प्रश्न 'निकाल काय आला' हा नसावा, 'मोजलं काय आणि कुठे' हा असावा.

पायरी ५: जातीचा सरासरी आकडा आणि समोर बसलेलं मांजर

आता मांजरांकडे येऊ. फेल डी १ ज्या दोन जनुकांपासून बनतं, ती सायबेरियन मांजरांमध्ये तपासली गेली आहेत आणि त्यात काही बदलही सापडले आहेत. दादानं ही बातमी कुठूनतरी मला पाठवलीच होती. "बघ, सायन्सने सिद्ध केलंय."

नाही केलेलं. जनुकात बदल सापडला म्हणजे प्रोटीन कमी बनतं असं नाही. प्रोटीन कमी बनलं म्हणजे हवेत कमी येतं असं नाही. आणि थोड्याशा मांजरांत जे दिसलं ते सगळ्या जातीला लागू करता येत नाही. हा निकाल पुढच्या अभ्यासाचा दरवाजा उघडतो, एवढंच. टोकन देण्यासाठी तो पुरेसा नाही.

पण समजा, वादासाठी धरून चालू, की एखाद्या जातीची सरासरी खरंच कमी आहे. तरीही अडचण संपत नाही. शाळेतलं उदाहरण घेते, आकडे माझ्या मनचे आहेत. अ तुकडीची गणिताची सरासरी ६२, ब तुकडीची ५८. म्हणून तुम्ही अ तुकडीतला कुठलाही एक मुलगा उचलला, तर तो ब तुकडीतल्या कुठल्याही मुलापेक्षा हुशार निघेल का? शक्यच नाही. दोन्ही तुकड्यांत ३० वालेही आहेत आणि ९५ वालेही आहेत. तुकड्यांमधला फरक चार गुणांचा, तुकडीच्या आतला फरक साठ-पासष्ट गुणांचा. संख्याशास्त्रात याला गटांमधली आणि गटाच्या आतली विविधता म्हणतात. 'अ‍ॅनोव्हा' शिकताना ज्या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढतो, ते हेच.

मांजरांत गटाच्या आतली विविधता मोठी आहे. २०१९ मध्ये साध्या, आखूड केसांच्या ६४ मांजरांच्या लाळेतलं फेल डी १ वर्षभर पुन्हा पुन्हा मोजलं गेलं. एका मांजरात आणि दुसऱ्या मांजरात मोठा फरक होता. इतकंच नव्हे, एकाच मांजरात एका वेळी आणि दुसऱ्या वेळीही फरक होता. ही सगळी एकाच प्रकारची मांजरं होती, बरं का.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दादा 'जात' विकत घेत नाही, एक मांजर घेतो, आणि जातीची सरासरी त्या एका मांजराबद्दल फार काही सांगत नाही. दुसरी, ब्रीडरकडे जाऊन तासभर बसलो आणि शिंक आली नाही, ही चाचणी कच्ची आहे. कदाचित त्या दिवशी त्या मांजराची पातळी कमी होती. कदाचित खिडक्या उघड्या होत्या. कदाचित चिऊनं सकाळी अ‍ॅलर्जीची गोळी घेतली होती.

आणि "माझ्या गिऱ्हाइकांत एकालाही त्रास नाही" याचं काय? ज्यांना जोराची अ‍ॅलर्जी आहे ते मांजर घ्यायला जातच नाहीत. ज्यांनी घेतलं आणि त्रास झाला, ते मांजर कुणालातरी देऊन टाकतात, ब्रीडरला फोन करून अहवाल देत बसत नाहीत. ब्रीडर खोटं बोलतो असं नाही. त्याच्यापर्यंत पोचणारा नमुनाच गाळलेला असतो. याला 'सिलेक्शन बायस' म्हणतात आणि तो तुमच्या प्रश्नावलीतही शिरतोच.

पायरी ६: मग फरक कशानं पडतो?

जात बाजूला ठेवली तर काही गोष्टींना बरा पुरावा आहे. १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत दिसलं की नसबंदी न केलेल्या बोक्यांमध्ये फेल डी १ जास्त असतं आणि नसबंदीनंतर ते कमी होतं. यामागे टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन आहे. म्हणजे 'कुठली जात' यापेक्षा 'बोका की मांजरी, आणि नसबंदी झाली आहे का' हा प्रश्न जास्त कामाचा.

मांजराला आंघोळ घालण्याचाही अभ्यास झालाय. आंघोळीनंतर प्रमाण खरंच घटतं. पण आठवड्याभरात ते पुन्हा वर आलेलं असतं. कुठल्या मांजराला दर तीन-चार दिवसांनी आंघोळ घालून बघा, मग आपण बोलू.

सगळ्यात नवा उपाय खाण्यातला. कोंबडीच्या अंड्यात फेल डी १ विरुद्धची अँटिबॉडी तयार होते. ती मांजराच्या खाण्यावर लावली की लाळेतल्या प्रोटीनला चिकटून ते निष्प्रभ करते. २०१९ मध्ये १०५ मांजरांवरचा अभ्यास आला: दोन आठवडे आधीची नोंद, मग दहा आठवडे हे खाणं. तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय फेल डी १ सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झालं.

४७ टक्के ऐकून दादा खूश झाला. मी त्याला तीन प्रश्न विचारायला लावले, तुम्हीही विचारा. एक, अभ्यास कुणी केला? हे खाणं विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी. तेवढ्यानं निकाल खोटा ठरत नाही, पण स्वतंत्र गटानं तो पुन्हा मिळवावा अशी अपेक्षा वाढते. दोन, तुलना कशाशी? मांजराची तुलना त्याच्याच आधीच्या पातळीशी केली. दुसरा, साधं खाणं खाणारा गट शेजारी ठेवला असता तर निकाल जास्त भरवशाचा झाला असता. कारण पातळी मुळातच वरखाली होते, हे आपण आत्ताच पाहिलं. तीन, मोजलं काय? केसांवरचं प्रोटीन. चिऊची धाप नाही. प्रयोगशाळेत सोयीनं मोजता येणाऱ्या अशा गोष्टीला 'सरोगेट एंडपॉइंट' म्हणतात. प्रोटीन निम्मं झालं म्हणजे त्रास निम्मा झाला असं गणित नसतं. एखाद्याला अगदी थोड्या प्रमाणातही धाप लागू शकते.

जनुक-संपादनाचंही काम सुरू आहे. २०२२ मध्ये अमेरिकन संशोधकांनी क्रिस्पर वापरून मांजराच्या पेशींमध्ये फेल डी १ चं जनुक बंद करून दाखवलं. पण पेशींमध्ये, मांजरात नव्हे. दादाचं पिल्लू दोन आठवड्यांत येणार होतं.

पायरी ७: मांजर गेलं तरी प्रोटीन जात नाही

दादाचा शेवटचा मुद्दा असा: "घेऊन तर बघू. त्रास झालाच तर देऊन टाकू."

मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मांजर घरातून काढल्यावर धुळीतलं अ‍ॅलर्जन किती दिवसांत उतरतं, हे त्यात पाहिलं होतं. बहुतेक घरांत मांजर नसलेल्या घराच्या पातळीला यायला २० ते २४ आठवडे लागले. म्हणजे पाच-सहा महिने. 'आठवडाभर ट्रायल'ची किंमत चिऊचं फुप्फुस अर्धं वर्ष मोजणार.

हे प्रोटीन कपड्यांना चिकटून फिरतंही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ८३१ घरांची धूळ तपासली. ९९.९ टक्के घरांत मांजराचं अ‍ॅलर्जन सापडलं, आणि यातल्या कितीतरी घरांत मांजर नव्हतंच. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये शाळेतल्या मुलांवर काम प्रसिद्ध केलं. ही मुलं दमा आणि मांजराची अ‍ॅलर्जी असलेली, पण घरी मांजर नसलेली. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, तेव्हा वर्गातल्या १८ टक्क्यांहून जास्त मुलांच्या घरी मांजर होतं अशा वर्गांतल्या मुलांचा दमा जास्त बिघडला. मांजर वर्गात आलंच नव्हतं. आलं ते मित्रांच्या स्वेटरवरून.

आणि देऊन टाकलेल्या मांजराचं काय होतं, याचा विचार या वाक्यात कुणी केलेलाच नसतो.

दादाला मी काय सांगितलं

दुसऱ्या रविवारी मी घरी गेले. वहिनीनं चहा ठेवला, मी लॅपटॉप उघडलाच नाही. एका कागदावर एवढंच लिहून दिलं:

१. जात निवडून अ‍ॅलर्जी टळते, यावर विसंबावं असा पुरावा नाही. सायबेरियनसाठी जास्त पैसे देऊन सुरक्षितता मिळत नाही.

२. आधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे चिऊची चाचणी करा. त्रास नक्की मांजराचा आहे की धुळीतल्या माइट्सचा, की दोन्हींचा, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. चाचणीआधी कुठल्या गोळ्या थांबवायच्या ते डॉक्टरच सांगतील.

३. दमा आटोक्यात नसेल तर घरात मांजर आणून 'प्रयोग' करायचा नाही. हा निर्णय डॉक्टरांचा, ब्रीडरचा नाही आणि माझाही नाही.

४. डॉक्टर हो म्हणाले, तरच एक ठरावीक मांजर निवडा. त्याच मांजराला वेगवेगळ्या दिवशी, पुन्हा पुन्हा भेटा. मोठं झालेलं, नसबंदी केलेलं मांजर असेल तर उत्तम. मग ते गावठी असलं तरी चालेल.

५. मांजर चिऊच्या झोपायच्या खोलीत कधीच नाही. गालिचे नकोत, त्यात प्रोटीन साठतं. आपल्याकडे फरशी ओल्या फडक्यानं पुसतात, ही चांगलीच सवय आहे. चादरी नियमित धुवायच्या. हेपा फिल्टर हवेतले कण कमी करतो, पण एकटा पुरत नाही.

दादानं कागद दोनदा वाचला. म्हणाला, "म्हणजे घेऊ नको असंच ना?" मी म्हटलं, "जातीच्या भरवशावर घेऊ नकोस, एवढंच." दोन्ही वाक्यांत फरक आहे. पुरावा जेवढं सांगतो तेवढंच बोलायचं, एक इंच पुढे नाही, आणि भीतीपोटी एक इंच मागेही नाही. थीसिसमध्ये 'डिस्कशन' लिहिताना हे सगळ्यात अवघड जातं. घरच्यांशी बोलताना तर त्याहून अवघड.

चाचणीत मांजर आणि माइट्स दोन्ही पॉझिटिव्ह आले. दमा अजून नीट आटोक्यात नव्हता. डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितलं, आणि तोवर गाद्या-उश्यांची व्यवस्था व नियमित इन्हेलर. इम्युनोथेरपीचाही विचार पुढे करता येईल म्हणाले. टोकन बुडालं. चिऊ दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर तिनं विचारलं, "आत्या, तुझं ते प्रोटीन मशीनमध्ये दिसतं का?" मी तिला एलायझाच्या प्लेटचा फोटो पाठवला, पिवळ्या रंगाच्या कमी-जास्त छटांचे ते खड्डे. जेवढा रंग गडद तेवढं प्रोटीन जास्त, असं समजावलं. तिचं उत्तर आलं: "मग मांजर आणायच्या आधी त्याची प्लेट करू."

प्रश्न अगदी योग्य जागी येऊन पोचला होता. जात नाही, ते एक मांजर.

तुमच्यासाठी गृहपाठ

येत्या आठवड्यात घरात, ग्रुपवर किंवा जाहिरातीत ऐकलेला आरोग्याचा एक दावा निवडा. कागदावर पाच रकाने आखा: दाव्याच्या कड्या कुठल्या, शब्दाची मोजता येणारी व्याख्या काय, मोजलं काय आणि कुठे, नमुन्यातून कोण गळलं, आणि पैसा कुणाचा. प्रत्येक रकान्यात दोन ओळी लिहा. रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवा, अंदाजानं भरू नका. पीएचडीच्या मुलाखतीत "तुमचा संशोधनाचा प्रश्न काय?" असं विचारतात, तेव्हा बहुतेक जण विषय सांगतात. हा कागद चार-पाच वेळा केलात, तर तुम्ही प्रश्न सांगाल.